कवितेच्या संज्ञा कुठल्या क्रमाने वापरायच्या: वाच्यार्थापासून रसापर्यंत

'या कवितेत उपमा, अनुप्रास व चेतनगुणोक्ती हे अलंकार असून करुण रस आहे.' कवितेवर लिहिताना हे वाक्य इतक्यांदा येतं की कविता कुठली होती हे त्यावरून कधीच ओळखता येत नाही. लिहिणाऱ्याला व्याख्या येत नाहीत असं नसतं. त्या तोंडपाठ असतात. चुकतो तो क्रम. रस सगळ्यांत शेवटी ठरवायचा, तो पहिल्या वाक्यात येतो. वृत्त आधी कानाने पकडायचं, ते शेवटी कोष्टकात शोधलं जातं. आणि कवितेत नक्की काय घडतंय हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पुढचा टप्पा कितीही सोपा वाटला तरी आधीचा गाळू नका.

तयारी

कविता स्वतःच्या हाताने वहीत उतरवा, एक ओळ सोडून एक. मधल्या रिकाम्या ओळीत लघु-गुरूच्या खुणा करायच्या आहेत (त्या कशा, ते टप्पा 4 मध्ये). डावीकडे ओळींना क्रमांक द्या आणि उजवीकडे तीन बोटं समास सोडा. पेन्सिल वापरा, खोडावं लागणारच आहे.

उतरवताना ऱ्हस्व-दीर्घ छापल्याप्रमाणेच ठेवा. वृत्तासाठी कवीने मुद्दाम 'अजूनी'चं 'अजुनी' केलेलं असतं. तुम्ही सवयीने ते 'शुद्ध' केलंत की वृत्त मोडतं आणि मग तासभर चूक कवीच्या माथी मारली जाते.

कविता दोनदा मोठ्याने वाचा, पण चाल लावू नका. चाल लावली की सगळ्या ओळी सारख्याच वाटू लागतात आणि कुठली ओळ अडखळते ते कळत नाही.

उदाहरणासाठी चार ओळी मीच जुळवल्या आहेत. थोर नाहीत, पण चिरफाडीला बऱ्या:

जुन्या उंबऱ्याशी दिवा मंद तेवे
कुणी ताट झाकून कोन्यात ठेवे
घरी कोण येणार आहे, कळेना
तरी दार लावावयाला सुचेना

टप्पा 1: अन्वय लावा, वाच्यार्थ लिहा

अन्वय म्हणजे कवितेतले शब्द गद्याच्या क्रमाने लावणं. कर्ता, कर्म, क्रियापद शोधा. नसेल तिथे कंसात प्रश्नचिन्ह टाका, स्वतःच्या मनाने भरू नका.

1. जुन्या उंबऱ्याशी दिवा मंद तेवतो.
2. कुणीतरी ताट झाकून कोन्यात ठेवतं.
3. घरी कोण येणार आहे ते (कुणाला?) कळत नाही.
4. तरी (कुणाला?) दार लावायला सुचत नाही.

एवढाच वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ. या ओळी वाचून दहातले आठ जण लिहितील: 'रात्री आई मुलाची वाट पाहते.' आता परत वाचा. आई कुठे आहे? मूल कुठे आहे? 'वाट' हा शब्द तरी आलाय का? रात्रसुद्धा दिव्यावरून आपणच ओळखली. हे सगळं चूकच आहे असं नाही, पण ते वाच्यार्थात बसत नाही. त्याची जागा सातव्या टप्प्यात आहे.

तपासा: तुमच्या वाच्यार्थातल्या प्रत्येक नामाखाली रेघ मारा. ते नाम कवितेत सापडलं नाही तर खोडा.

टप्पा 2: बोलणारा कोण ते ठरवा

कवितेतला बोलणारा म्हणजे निवेदक. 'मी' असेल तर तो कवितेतला 'मी'. तो आणि कवी एकच असतील असं गृहीत धरू नका. म्हातारीच्या तोंडची कविता तरुण कवी लिहू शकतो, मेलेल्या माणसाच्या तोंडची तर जिवंत कवीलाच लिहावी लागते. म्हणून 'कवी म्हणतो' ऐवजी 'निवेदक म्हणतो' लिहायची सवय लावा. हा नुसता शिष्टाचार नाही. 'कवी म्हणतो' लिहिलं की पुढच्याच वाक्यात कवीचं चरित्र शिरतं आणि कविता बाजूला पडते.

मग तीन प्रश्न: निवेदक कुणाशी बोलतोय, कुठे उभा आहे, त्याला काय माहीत नाही?

आपल्या ओळींत तिसरा प्रश्न कामाचा ठरतो. ताट झाकणाऱ्याला निवेदक 'कुणी' म्हणतो. कोण येणार हे 'कळेना' म्हणतो, पण न कळणारा तो स्वतः की घरातलं माणूस, हे उघड ठेवतो. म्हणजे माणसं निदान दोन, कदाचित तीन, आणि एकाचंही नाव नाही. समासात एवढं टिपून ठेवा.

टप्पा 3: बांधणी मोजा

हे काम पाच मिनिटांचं आहे. ओळ म्हणजे छापलेली रेघ. चरण म्हणजे वृत्ताचा किंवा छंदाचा एक भाग. दोन्ही एकच असतील असं नाही: अभंगाचे दोन-दोन चरण कित्येकदा एकाच ओळीत छापतात. चरणांचा गट म्हणजे कडवं. फिरून फिरून येणारी ओळ म्हणजे ध्रुवपद.

यमक ऐकून ठरवा. शेवटच्या जुळणाऱ्या स्वरापासून पुढे काय काय सारखं आहे ते पाहा. 'तेवे-ठेवे' यांत 'एवे' जुळतं, 'कळेना-सुचेना' यांत 'एना'. जोड्या अ अ, ब ब अशा लिहा.

इशारा: नुसतं शेवटचं अक्षर सारखं दिसलं म्हणजे यमक जुळलं असं नाही. 'पाणी' आणि 'कोणी' यांत 'णी' समान आहे, पण कान समाधानी होत नाही. असं यमक सैल म्हणून टिपा. कवीने ते मुद्दाम सैल ठेवलं का, हा प्रश्न पुढे उपयोगी पडतो.

वाक्य ओळीच्या शेवटी संपतं की पुढच्या ओळीत सांडतं, तेही पाहा. इथे प्रत्येक ओळीत वाक्य पुरं होतं. फक्त तिसऱ्या ओळीत 'आहे'नंतर थांबा आहे, आणि चार ओळींतला मधला स्वल्पविराम तेवढा एकच. खूण करा.

टप्पा 4: लघु-गुरू लावा, वृत्त ओळखा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश.

पहिली पायरी, अक्षरं मोजणं. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं, पाय मोडलेलं अक्षर मोजायचं नाही. बोलताना आपण 'ताट्', 'दार्' असं म्हणतो, पण पद्यात 'ता-ट', 'दा-र' अशी दोन-दोन अक्षरं मोजतात. उच्चारावर विसंबून मोजलं तर ओळीत एक ते तीन अक्षरं कमी भरतात. नव्याने शिकणाऱ्यांची ही सर्वांत मोठी चूक.

दुसरी पायरी, लघु-गुरू. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची मात्रा 1. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं अक्षर गुरू, त्याच्या मात्रा 2. अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षर गुरू. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर, त्यावर आघात (म्हणताना जोर) पडत असेल तर गुरू: 'पत्र'मधला 'प' गुरू. आघात पडत नसेल तर लघु: 'तुझ्या'मधला 'तु' लघुच. चरणाचं शेवटचं अक्षर लघु असलं तरी गरजेप्रमाणे गुरू धरता येतं.

आघाताचा नियम पाठ करून भागत नाही, शब्द म्हणून पाहावा लागतो. आमच्या पहिल्याच ओळीत दोन फासे आहेत: 'जुन्या'तला 'जु' आणि 'उंबऱ्याशी'तला 'ब'. दोन्हींच्या पुढे जोडाक्षर आहे, दोन्हींवर आघात नाही, म्हणून दोन्ही लघु. यांतलं एक जरी गुरू धरलंत तरी ओळ कुठल्याच वृत्तात बसत नाही, आणि मग लोक शांतपणे 'मुक्तछंद' लिहून मोकळे होतात.

तिसरी पायरी, तीन-तीन अक्षरांचे गण पाडणं. लघुला ल, गुरूला गा लिहू.

जु न्या उं | ब ऱ्या शी | दि वा मं | द ते वे
ल गा गा | ल गा गा | ल गा गा | ल गा गा

गणांची नावं लक्षात ठेवायला 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र आहे. हव्या त्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं घ्या: 'यमाता' म्हणजे ल गा गा, हा य गण. 'राजभा' म्हणजे गा ल गा, हा र गण. 'नसल' म्हणजे तिन्ही लघु, हा न गण. असे आठ गण, आणि शेवटी उरलेल्या सुट्या अक्षरांसाठी ल व ग.

आपल्या ओळीत य गण चारदा आला. बारा अक्षरं, य य य य: हे भुजंगप्रयात.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात. एका ओळीवरून वृत्ताचं नाव लिहू नका, सगळ्या ओळींचे गण पाडा. मग असं ठरवा:

- सर्व चरणांत लघु-गुरूंचा क्रम तोच असेल तर अक्षरगणवृत्त.
- क्रम बदलतो, पण मात्रांची बेरीज आणि त्यांचे गट सारखे राहतात: मात्रावृत्त, म्हणजेच जाती. पादाकुलकात चरणाला 16 मात्रा असतात.
- लघु-गुरूंचं बंधन नाही, अक्षरांची संख्या ठरलेली: अक्षरछंद. मोठ्या अभंगाचे चरण 6, 6, 6, 4 अक्षरांचे असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत येतं.
- यांतलं काहीच नाही, पण वाचताना आवर्तन जाणवतं: मुक्तछंद. त्याला लय असते, म्हणून 'मुक्तछंद म्हणजे गद्य' असं लिहू नका.

क्रम याच दिशेने ठेवा. मात्रांपासून सुरुवात केली तर फसगत होते. आपल्या चारही ओळींच्या मात्रा 20-20 भरतात, म्हणून कुणी हिला जाती म्हणेल. लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असला की मात्रा आपोआपच सारख्या येतात.

नुसत्या अक्षरसंख्येवरही जाऊ नका. मंदाक्रांता, शिखरिणी आणि पृथ्वी या तिन्हींत चरणाला 17 अक्षरं आहेत. फरक गणांचा आहे: मंदाक्रांता म भ न त त ग ग, शिखरिणी य म न स भ ल ग, पृथ्वी ज स ज स य ल ग.

यती म्हणजे चरणाच्या आत ठरलेला विसावा. भुजंगप्रयातात तो सहाव्या अक्षरानंतर सांगतात. पहिली ओळ तिथे छान दुभंगते: 'जुन्या उंबऱ्याशी, दिवा मंद तेवे'. पुढच्या तिन्ही ओळींत मात्र सहावं अक्षर शब्दाच्या मध्येच पडतं, 'झाकू-न', 'येणा-र', 'लावा-वयाला'. याला यतिभंग म्हणतात. हा माझ्या जुळवणीचा दोष म्हणा हवं तर. पण अशा जागा टिपाच, कारण खऱ्या कवितेत त्या अर्थाशी जोडलेल्या असू शकतात.

तपासा: वृत्ताचं नाव लिहिल्यावर 'म्हणून काय?' असं स्वतःला विचारा. इथे उत्तर असं निघेल: ल गा गा हे पाऊल चार ओळी न चुकता पडत राहतं, घरात मात्र कुणीच येत नाही, काहीच हलत नाही. एवढं लिहिता आलं तर वृत्त ओळखण्याचा उपयोग झाला.

टप्पा 5: अलंकार, पण आधी कसोटी

अलंकाराचं नाव सुचण्याआधी तो शब्दाचा की अर्थाचा ते ठरवा. संबंधित शब्द काढून समानार्थी शब्द घाला. अलंकार नाहीसा झाला तर शब्दालंकार (अनुप्रास, यमक, श्लेष). टिकला तर अर्थालंकार. 'जीवन' हा शब्द पाणी आणि आयुष्य अशा दोन्ही अर्थांनी आला असेल, तर तिथे 'आयुष्य' घालताच श्लेष संपतो.

अर्थालंकारांत घोटाळा होतो तो उपमेच्या भावंडांत. ज्याचं वर्णन चाललंय ते उपमेय, ज्याच्याशी जोडलं ते उपमान. दिवा हे उपमेय आणि डोळा हे उपमान कायम ठेवून फक्त त्यांचं नातं बदलून पाहू:

- उपमा: दिवा डोळ्यासारखा जागा आहे. (दोन वस्तू वेगळ्या, गुण सारखा.)
- उत्प्रेक्षा: हा दिवा म्हणजे जणू उंबऱ्याचा डोळाच. (एक दुसरीच असावी अशी कल्पना.)
- रूपक: दिवा हा उंबऱ्याचा डोळा. (दोन्ही एकरूप, 'जणू' नाही.)
- अपन्हुती: हा दिवा नव्हे, उंबऱ्याचा डोळा आहे. (उपमेय नाकारलं.)
- व्यतिरेक: डोळा कधीतरी मिटतो, हा दिवा मिटत नाही. (उपमेय सरस ठरलं.)
- ससंदेह: हा दिवा की डोळा? (ठरतच नाही.)
- भ्रांतिमान: दिव्याला डोळा समजून कुणी नजर चुकवली. (खरोखर फसून कृती घडली.)

शेवटच्या दोन अलंकारांची अदलाबदल फार होते. शंका आहे तोवर ससंदेह. शंका संपून चुकीची खात्री झाली आणि त्यावर कुणी वागलं की भ्रांतिमान.

इशारा: 'सारखा' दिसलं की उपमा आणि 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा ही खूणगाठ बरी आहे, पण पुरेशी नाही. 'तो काल आला तसा आजही आला' यात तुलना आहे, अलंकार नाही. उपमेय आणि उपमान वेगळ्या जातीचे हवेत, त्यांना जोडणारा गुण तुम्हाला बोट ठेवून दाखवता यायला हवा.

आता मूळ ओळींकडे या. 'दिवा मंद तेवे' यात चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तूला सजीवाचा गुण देणं, आहे का? नाही. दिवा तेवतो हे त्याचं नेहमीचंच काम, माणसाचा गुण त्याला चिकटवलेला नाही. अनुप्रास? 'कुणी', 'झाकून', 'कोन्यात' अशी क आणि न यांची हलकी पुनरावृत्ती आहे खरी, पण तिने कानाला फार काही होत नाही. मग लिहू नका. या चार ओळींत ठळक अर्थालंकार एकही नाही, आणि तसं स्पष्ट लिहायला घाबरायचं कारण नाही. अलंकार नसताना ओळी का चालतात, ते पुढच्या टप्प्यात कळतं.

टप्पा 6: प्रतिमा आणि प्रतीक वेगळे करा

इंद्रियांना जाणवणारं शब्दचित्र म्हणजे प्रतिमा: तेवता दिवा, झाकलेलं ताट, उघडं दार. प्रतिमा केवळ डोळ्यांसाठी नसते. नादाची, स्पर्शाची, वासाचीही असते. कुठल्या इंद्रियाची आहे ते समासात लिहा.

प्रतिमा स्वतःपलीकडच्या एखाद्या मोठ्या अर्थासाठी उभी राहिली की प्रतीक. हा दर्जा तिला कविता देते: पुन्हा आणून, मोक्याच्या जागी ठेवून, किंवा बाकी सगळं तिच्याभोवती फिरवून. 'दिवा म्हणजे आशा, अंधार म्हणजे अज्ञान' अशी तयार यादी घेऊन बसलात तर प्रत्येक कविता एकच होते. आपल्या ओळींत दिवा फक्त पहिल्या ओळीत आहे. कविता संपते ती दारावर. म्हणून प्रतीकाचा दावा करायचाच असेल तर तो दाराबद्दल करा.

टप्पा 7: व्यंग्यार्थ आणि मग रस

शब्दाच्या तीन शक्ती मानतात. अभिधा सरळ अर्थ देते. सरळ अर्थ अडतो तेव्हा लक्षणा जवळचा अर्थ देते: 'सगळं घर झोपलं' म्हणजे घरातली माणसं झोपली. व्यंजना सरळ अर्थ तसाच ठेवून आणखी काही सुचवते, तो व्यंग्यार्थ. 'सूर्य मावळला' या जुन्या उदाहरणात गुराख्याला घरी निघायचं कळतं, चोराला कामाची वेळ झाल्याचं. वाक्य तेच.

कसोटी सोपी: सरळ अर्थ अडतोय का? अडत असेल तर लक्षणा. अडत नाही, पण तेवढ्यावर भागतही नाही, तर व्यंजना. ताट झाकून ठेवणं, दार न लावणं यांचा सरळ अर्थ कुठेच अडत नाही. सुचतं ते वाट पाहणं. पहिल्या टप्प्यात खोडलेलं वाक्य आता परत आणता येतं, पण 'आई' आणि 'मूल' वगळून.

रसासाठी चार रकाने आखा. आलंबन विभाव, म्हणजे भावना कुणाबद्दल: रिकामा, येणारा कोण ते माहीत नाही. उद्दीपन विभाव, म्हणजे भावना वाढवणारी परिस्थिती: जुना उंबरा, मंद दिवा. अनुभाव, म्हणजे बाहेर दिसणारी कृती: ताट झाकणं, दार उघडं ठेवणं. व्यभिचारी भाव, म्हणजे येत-जात राहणाऱ्या भावना: उत्सुकता, चिंता. या सगळ्यांमागे टिकून राहतो तो स्थायी भाव, आणि रस त्याच्यावरून ठरतो.

दुःख दिसलं की करुण लिहायची घाई होते. करुणाचा स्थायी भाव शोक, आणि त्यात गमावलेलं परत येणार नसतं. भेटीची आशा शिल्लक असलेला प्रेमिकांचा विरह हा विप्रलंभ शृंगार. आपल्या ओळींत दार उघडं आहे, म्हणून करुण म्हणता येत नाही. येणारा कोण ते माहीत नाही, म्हणून शृंगारही ठामपणे म्हणता येत नाही. इथे 'आलंबन मोकळं ठेवल्यामुळे रस ठरत नाही' हे उत्तर बरोबर आहे. प्रत्येक कवितेला रसाचं लेबल चिकटलंच पाहिजे असा नियम नाही.

टप्पा 8: आता लिहा

प्रत्येक संज्ञेसाठी एका वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कुठे, काय, त्याने काय घडतं. संज्ञा वाक्याच्या सुरुवातीला नको, मध्ये येऊ द्या.

कच्चं: 'कवितेत प्रतिमा, भुजंगप्रयात वृत्त व करुण रस आहे.'

पक्कं: 'चौथ्या ओळीत 'कुणाला' सुचत नाही ते निवेदक सांगत नाही. इथे कर्ता गाळल्यामुळे उघड्या दाराच्या प्रतिमेत वाट पाहणारा दिसत नाही, फक्त वाट पाहणं उरतं.'

पक्क्या नमुन्यात संज्ञा तीनच आल्या आहेत (निवेदक, कर्ता, प्रतिमा), पण त्या काढल्या तर वाक्यं कोसळतात. लिहून झाल्यावर हीच परीक्षा तुमच्या प्रत्येक परिच्छेदाला लावा: संज्ञेवर बोट ठेवून वाक्य वाचा. अर्थ जराही हलला नाही तर ती संज्ञा खोडून टाका.